कुत्र्याच्या वाटची कलेजी

आमच्या घरात तब्येत अशी एकाच जिवाला होती, आणि तो जीव म्हणजे आमचा कुत्रा. बाकीच्यांना नुसती दुखणी होती आणि ती ज्याची त्याने निस्तरायची होती. सत्तरचं दशक सरता सरता तो सातपूरच्या आमच्या दोन खोल्यांत आला आणि पुढचं दशक जवळजवळ संपवून गेला. मधल्या काळात त्याचे डोळे, कान, दात, नखं, भूक आणि शी यांची चौकशी झाली नाही असा एक आठवडा मला आठवत नाही. त्याच घरात माझी आई हळूहळू पांढरी पडत चालली होती. कुत्र्याला खाली शीला नेऊन आणलं की दुसऱ्या मजल्यावर येईपर्यंत दोनदा कठड्याला धरून उभी राहायची, आणि तो वर पोहोचून भुंकायचा. मग वडील आतून विचारायचे, "अगं, का भुंकतोय तो? काही होतंय का त्याला?"

वडील औद्योगिक वसाहतीतल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत मेंटेनन्स खात्यात होते. कंपनीचे मोठे साहेब गंगापूर रोडला बंगल्यात राहत. त्यांच्याकडे एक अल्सेशियन कुत्री होती, आणि तिचं लग्न पुण्याच्या कुठल्याशा तोलामोलाच्या कुत्र्याशी ठरलेलं असताना तिने बंगल्यामागच्या गावठी कुत्र्याशी परस्पर उरकून घेतलं. झालेली पिल्लं साहेबांना घरात नको होती आणि टाकवतही नव्हती. ती मग खात्याखात्यांत वाटण्यात आली. नको म्हणण्याची सोय नव्हती, कारण पिल्लाला नको म्हणणं म्हणजे साहेबांना नको म्हणणं. वडील पिल्लू पिशवीत घालून कंपनीच्या बसने घरी घेऊन आले तेव्हा आईने पिशवीत डोकावून एवढंच म्हटलं, "घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं." साहेबांच्या बाईंनी ठेवलेलं त्याचं इंग्रजी नाव येवल्याकडच्या खेड्यात वाढलेल्या माझ्या आईच्या जिभेवर शेवटपर्यंत बसलं नाही. ती त्याला 'सायबाचा' म्हणायची.

साहेब आठवड्यातून एकदा शॉपमध्ये, म्हणजे मशीनांच्या शेडमध्ये, फेरी मारत आणि वडिलांपाशी थांबून विचारत, "कसा आहे?" हा प्रश्न मशीनविषयी नसून कुत्र्याविषयी असतो, हे सगळ्या खात्याला माहीत होतं. स्टोअर्समधल्या एका गृहस्थांचं पिल्लू पहिल्याच पावसाळ्यात हगवण लागून गेलं, आणि थोड्याच दिवसांत त्या गृहस्थांना रात्रपाळी लागली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध होता की नाही देव जाणे. वडिलांनी तो लावला, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात कुत्र्याचं आरोग्य हा घरगुती प्रश्न राहिला नाही.

पहिलं काम त्यांनी केलं ते मात्र योग्य केलं, हे मान्य करायला हवं. पिल्लाला द्राक्षांच्या रिकाम्या पेटीत बसवलं, पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि त्याला शहरातल्या गुरांच्या दवाखान्यात नेऊन पिसाळण्यावरची लस टोचून आणली. शेजारच्या मावशींचं म्हणणं असं, की ती लस दिली की कुत्र्याची रग जाते, मग तो चोरापुढेही शेपूट हलवतो. मावशींनी स्वतः कुत्रा कधी पाळला नव्हता. त्यामुळे त्यांच्याकडे सल्ला भरपूर शिल्लक होता. लसूण द्या, ओवा द्या, मटण देऊ नका म्हणजे चावणार नाही, अमावास्येला मिरच्या ओवाळून टाका. त्यांचा एकच सल्ला आईने मानला, तो जंतांवर वावडिंग उकळून पाजण्याचा, कारण तो आम्हा भावंडांवर आधी करून झाला होता.

वडिलांचा मात्र स्वतःचा एक सिद्धांत होता, आणि तो त्यांनी कारखान्यातून आणला होता. मशीन बंद पडल्यावर धावाधाव करतो तो गाढव. शहाणा माणूस ते चालू असतानाच बघतो. सुट्टीच्या दिवशी सकाळी कुत्र्याची सर्व्हिसिंग असायची. गॅलरीत गोणपाट अंथरायचं, त्यावर कुत्रा उभा करायचा आणि वडिलांनी पुढून सुरुवात करून शेपटापर्यंत जायचं. कानात खोबरेल तेल. दातांना काळं दंतमंजन, ज्याने तो तासभर शिंकायचा. नखं वाढली की कानस, लोखंड घासायची, हत्यारांच्या पेटीतली. ओठ वर करून हिरड्यांचा रंग बघायचा, डोळ्याची खालची पापणी ओढून आतली लाली बघायची. हे दवाखान्यात एकदा पाहिलं आणि त्यांनी लगेच उचललं. "मुकं जनावर आहे," ते आम्हाला गोणपाटाभोवती बसवून सांगत. "त्याला सांगता येत नाही, म्हणून आपण विचारायचं." आईला बोलता येत होतं, म्हणूनच बहुधा तिला कुणी विचारलं नाही.

या सगळ्यात वडील तपासायचे आणि करायची आई. कंपनीत त्यांच्या हाताखाली हेल्पर होता, घरी ती होती. "कान जरा घाण दिसतोय," असं म्हणून ते पेपर वाचायला बसत, म्हणजे तपासणी पूर्ण झाली. उन्हाळ्यात गोचीड झाले तेव्हा वडिलांनी ढेकणांवरची पावडर आणून त्याच्या अंगावर शिंपडली. ही एक गोष्ट त्यांनी स्वतःच्या हाताने केली. कुत्रा अंग चाटणार, एवढं सोडून त्यांनी बाकी सगळ्याचा विचार केला होता. दुपारी त्याच्या तोंडाला फेस आला आणि पाय लटपटू लागले. वडील म्हणाले, "औषध लागू पडतंय." आईने त्याला ओढत खाली नळावर नेलं आणि साबण लावून लावून इतका धुतला की कॉलनीतल्या बायका भांडी घेऊन थांबून राहिल्या. तो वाचला. त्यानंतर गोचीड काढायचं खातं आईकडे आलं. वाटीत रॉकेल घ्यायचं, कुत्र्याला मांडीवर आडवा घ्यायचा आणि एकेक गोचीड चिमटीने उपटून वाटीत टाकायचा. "रगत पिऊन कसे टम्म झालेत बघ," ती मला दाखवायची. साहेबांनी त्या आठवड्यात विचारलं तेव्हा वडिलांनी सांगितलं, "गोचीड होते, काढले." कर्ता कोण, हे काही त्यांनी सांगितलं नाही.

आता खाण्याचं. गवळी दूध घालून गेला की त्यातला पहिला वाडगा कुत्र्याचा. मग आमचा चहा. अंडं रोज एक त्याला आणि एक आम्हा दोघा भावंडांत अर्धं अर्धं. मटण रविवारी यायचं, त्याच्याबरोबर कुत्र्यासाठी म्हणून वेगळी कलेजी. आई ती हळद घालून बिनमिठाची उकडायची, बारीक करायची, भाकरीत कुस्करायची आणि बोटाने गरम-गार बघायची. तिने त्यातला कण कधी तोंडात टाकला नाही. बकऱ्याचीच कलेजी होती, त्याच दुकानातली, पण घरात येताना ती कुत्र्याची म्हणून आली होती, आणि माणसाने कुत्र्याच्या वाटचं खायचं नसतं. मटण वाढण्याचा क्रम ठरलेला होता. आधी वडील, मग आम्ही, मग नळी चोखायला पुन्हा वडील. आई शेवटी पातेल्यात भाकरी फिरवून घ्यायची आणि म्हणायची, रश्श्यातच तर चव असते. आम्ही तिच्यावर विश्वास ठेवत होतो. सोयीची गोष्ट पटायला वेळ लागत नाही.

घरात एक मांजरही होतं. 'होतं' म्हणजे येऊन-जाऊन. ते कुणी आणलं नव्हतं. एकदा बोंबलाच्या वासावर आलं आणि दाराशी पसरलेल्या पोत्यावर हक्क सांगून बसलं. वडिलांनी त्याला सर्व्हिसिंगसाठी गोणपाटावर घ्यायचा प्रयत्न एकदाच केला. पुढचे काही दिवस ते कंपनीत मनगटाला पट्टी बांधून गेले आणि मशीनमध्ये हात आला म्हणून सांगत राहिले. मांजराला लस नाही, तेल नाही, मंजन नाही. पोट बिघडलं की ते मैदानात जाऊन गवत खायचं, ओकायचं आणि संध्याकाळी परत यायचं. त्याने आयुष्यभर कुणाचं ऐकलं नाही आणि त्याला आयुष्यभर काही झालं नाही. मांजराला काहीच करावं लागत नाही, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. त्याची पिल्लं दर खेपेला निम्मी मरायची, आणि त्यांची नाकं-डोळे पुसणारं माणूस पुन्हा आईच होती. पण वडिलांना ते मांजर म्हणजे आपल्या सिद्धांताचा अपमान वाटायचा. "कधीतरी अचानक बंद पडेल," ते म्हणायचे. ते कुत्र्याच्या नंतरही जिवंत होतं.

कळस झाला तो खंडेनवमीला. त्या दिवशी कारखान्यात मशीनची पूजा होते. लेथला हार, ड्रिलला कुंकू, फोरमनला पेढे. वडिलांनी घरी येऊन हत्यारांची पेटी पुजली, सायकल पुजली, शिवणयंत्र पुजलं, आणि मग म्हणाले, "त्याला पण बोलव." कुत्र्याला झेंडूचा हार घातला, कपाळाला कुंकू लावलं आणि आईने त्याला ओवाळलं. त्याने आधी हार खाल्ला, मग निरांजनातलं तूप चाटायला तोंड पुढे केलं आणि मिशा जाळून घेतल्या. मिशांना गायीचं तूप लावायचं काम कुणाकडे गेलं ते सांगायला नको. ओवाळून उठताना तिला चक्कर आली आणि ती भिंतीला टेकली. वडील म्हणाले, "सकाळपासून काही खाल्लं नसशील." ते बरोबर होतं. ती सकाळपासून पुरणाला आणि सायबाच्याला, दोघांना सांभाळत होती.

ती आजारी आहे हे आम्हाला कळायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर कळण्यासारखं पुष्कळ काही समोर होतं. ती तांदूळ निवडताना मूठ मूठ कच्चे तांदूळ खायची. माझ्या दप्तरातल्या पाटीवरच्या पेन्सिली गायब व्हायला लागल्या आणि एक दिवस मी तिला त्या कुडुम कुडुम चावताना पाहिलं. मावशी हसून म्हणाल्या, "आता या वयात डोहाळे लागले का काय?" आई पण हसली, पदराने ओठांवरची पांढरी भुकटी पुसत. पुढच्याच महिन्यात कुत्रा गॅलरीच्या भिंतीचा चुना चाटायला लागला. वडिलांच्या तोंडचं पाणी पळालं. ते म्हणाले, जनावर चुना चाटतं म्हणजे अंगात काहीतरी कमी पडतंय. दुसऱ्या दिवशी बाटलीभर कॅल्शियम आलं आणि आई ते चमच्याने त्याला पाजू लागली. मी तेव्हा पाचवीत होते. मला एवढंच वाटलं, की आता भिंत वाचली, माझ्या पेन्सिली कधी वाचतात बघू.

मग उन्हाळ्यात कुत्र्याने खाणं सोडलं. दुधाला तोंड लावेना, कलेजीकडे बघून मान फिरवू लागला. साहेब चौकशी करणार तो दिवस जवळ आला होता. वडिलांनी रजा टाकली. रिक्षावाला कुत्र्याला घेईना. टांगेवाला तयार झाला, पण त्याचा घोडा तयार झाला नाही. शेवटी त्र्यंबक रोडने आमची वरात निघाली. वडील सायकलवर, कारण दवाखाना उघडा आहे की नाही हे पुढे जाऊन बघायचं होतं. साखळीला कुत्रा, आणि साखळी आईच्या हातात. मी पाण्याची बाटली घेऊन मागे. पाणी कुत्र्यासाठी होतं. वाटेत लिंबाच्या झाडाखाली आई बसली तेव्हा वडील सायकल वळवून परत आले आणि विचारलं, "तो दमला का?"

"त्यो न्हाय," आई म्हणाली. "मी दमले."

"मग बस थोडी. पण त्याला उन्हात उभा करू नको."

गुरांचा दवाखाना म्हणजे कौलारू बैठी इमारत आणि पुढे अंगण. अंगणात लाकडी खोडा, त्यात एक बैल अडकवलेला, आणि त्याच्या जिभेला काहीतरी झालं होतं. एक बाई शेळी घेऊन बसली होती. कुत्रा घेऊन आलेले आम्हीच. शेळीवाली आमच्याकडे, देवळात कुणी चपला घालून शिरल्यासारखी बघत होती. डॉक्टर तरुण होते, हाताला कोपरापर्यंत बैलाची लाळ, आणि स्वभावाने तिखट. त्यांनी कुत्र्याचं पोट दाबलं, हिरड्या पाहिल्या, पापणी ओढली, आणि वडिलांनी बोलायला सुरुवात केली. दूध किती, अंडं किती, कलेजी केव्हा, कॅल्शियम कोणतं, कानात तेल कोणतं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं.

"ह्याला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "ह्याला जेवण जास्त होतंय. लठ्ठ झालाय. उद्या एक दिवस उपाशी ठेवा, मग निम्मं द्या. आणि रोज चालवा. लस वेळेवर देताय तेवढं चालू ठेवा, बाकीचं कमी करा. रक्त बघा कसं आहे," आणि त्यांनी पुन्हा पापणी खाली ओढून दाखवली. आत लालबुंद होतं.

आई तेव्हा पायरीवर टेकून बसली होती, तोंड उघडं, छाती खालीवर होत होती. डॉक्टरांचं लक्ष तिच्याकडे गेलं आणि तिथेच राहिलं.

"ताई, तुमची पापणी ओढा बरं खाली. नाही, तुम्हीच ओढा. अशी."

आईला वाटलं कुत्र्याला कसं धरायचं ते दाखवताहेत. तिने पापणी ओढली. आत लाल असं काही नव्हतंच. धुतलेल्या फडक्यासारखं पांढरट होतं, आणि ते मीही पाहिलं, शेळीवालीनेही पाहिलं.

"मी जनावरांचा डॉक्टर आहे," डॉक्टर वडिलांना म्हणाले, "पण एवढं मला पण कळतं. घरात रक्त आहे ते सगळं कुत्र्याच्या अंगात आहे. ह्यांना उद्याच्या उद्या माणसांच्या डॉक्टरकडे न्या. उद्या म्हणजे उद्या. पुढच्या सुट्टीला नाही."

वडिलांनी आईच्या हातातली साखळी आपल्या हातात घेतली. दर आठवड्याला पापण्या ओढून बघणारा माणूस, त्याच्या घरात आणखी पापण्या होत्या. शेळीवालीने मात्र आपल्या शेळीला जवळ ओढलं आणि कुणालाच उद्देशून नाही असं म्हटलं, "लय शिकलेली मान्सं." परतीच्या वाटेवर आई टांग्यात बसली. माझ्या आठवणीत वडिलांनी तिच्यासाठी केलेला तो पहिला टांगा. कुत्र्याला वडिलांनी साखळीने चालत आणलं, आणि तो घरी पोहोचल्यावर बैलाएवढं पाणी प्यायला आणि मग जेवायला मागू लागला. चालण्याने भूक लागते हा शोध आमच्या घराला असा लागला. शेजाऱ्यांना वडिलांनी जे सांगितलं ते मी कानाने ऐकलं आहे. "डॉक्टर म्हणाले, कुत्र्याचं रक्त फर्स्ट क्लास आहे." मावशींनी विचारलं, मग वहिनींचं काय? "तिला जरा अशक्तपणा आहे. बायकांना असतोच."

कामगारांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मात्र 'असतोच' हा शब्द ऐकून चष्मा काढला आणि वडिलांना बाहेर बसायला सांगितलं. आई आतून आली ती लोहाच्या गोळ्या, एक टॉनिक आणि एक आज्ञा घेऊन. पालेभाजी, गूळ, खजूर, आणि खात असाल तर कलेजी, आठवड्यातून दोनदा. शिवाय सगळ्यांबरोबर बसून, गरम गरम. ही शेवटची आज्ञा आईला सगळ्यात अवघड वाटली. "मी बसल्यावर वाढायचं कुनी?" तिने घरी येऊन विचारलं, आणि आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो.

पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, म्हणजे उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. आई सुधारली. वेळ लागला, पण पेन्सिली राहायला लागल्या आणि ती कठड्याला न धरता वर यायला लागली. कुत्र्याचं खाणं निम्मं झालं, चालणं वाढलं, तो बारीक झाला आणि म्हातारा होऊन मेला. शेवटी मागचे पाय आखडले होते, डोळ्यांत मोतीबिंदू होता, आणि आई त्याला कुशीत उचलून जिना उतरवायची आणि चढवायची, न दमता. साहेब तोवर बदलून गेले होते, नव्या साहेबांना कुत्र्यांची ॲलर्जी होती. तरी वडील कुत्र्याची चौकशी करत राहिले, कारण तोवर त्यांना खरोखरच तो आवडायला लागला होता. तो गेला तेव्हा ते पोरासारखे रडले. पुढे कितीतरी वर्षं ते लोकांना सांगत, की नीट मेंटेनन्स ठेवला तर कुत्रा एवढा जगतो. आई तेव्हा समोर बसून भाजी निवडत असायची आणि मान वर करत नसे.

पण मला सांगायचा आहे तो डॉक्टरीणबाईंनी कलेजी सांगितल्यानंतरचा पहिला रविवार.

वडिलांबरोबर मी मटणाच्या दुकानात गेले होते, हातात डबा घेऊन. रविवार असल्यामुळे गर्दी होती आणि गर्दीत निम्मी मंडळी कंपनीतली. मटणवाल्याने नेहमीसारखं मटण तोडलं, नेहमीसारखी कुत्र्याची कलेजी बाजूला काढली.

"कलेजी आज दुप्पट दे," वडील म्हणाले.

मटणवाल्याने सुरी थांबवली. "काय साहेब, दुसरा पाळला का काय?"

वडिलांनी मागे वळून पाहिलं. मागे त्यांच्याच खात्यातले दोघे उभे होते, तोंडावर आधीच हसू घेऊन. बायकोसाठी कलेजी न्यायला आलोय म्हटलं असतं, तर सोमवारी पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी सगळ्या शॉपला कळलं असतं, की हा बायकोच्या ताटाखालचं मांजर झाला. ते मी आज समजू शकते. तेव्हा मला फक्त त्यांचं उत्तर ऐकू आलं.

"हो," ते म्हणाले. "आणलाय आणखी एक."

"वा वा. मग ही बाजूची देतो, कुत्र्याला काय कळतंय."

"नको. ताजी दे. ती लाल बघून दे. पित्त लागलेली अजिबात नको." वडील चक्क काउंटरवर वाकून बोटाने दाखवायला लागले. "हा जरा अशक्त आहे."

"लाडका दिसतो. कुत्रा का कुत्री?"

इथे ते थांबले. मग म्हणाले, "कुत्रा." तेवढा मान त्यांनी राखला.

घरी आईने अर्धी कलेजी हळदीत उकडली आणि अर्धी, वडिलांनी दोनदा बजावल्यामुळे, कांद्यावर मीठ-तिखट घालून परतली. वाढायला मी उभी राहिले. ती पाटावर बसली, लग्नाच्या पंगतीत चुकीच्या जागी बसल्यासारखी, एक पाय उठायच्या तयारीत. वडिलांनी तिच्याकडे न बघता म्हटलं, "खा गरम आहे तोवर." तिने पहिला तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "चांगली लागते की. त्यो उगंच न्हाय वरडायचा."

आणि मला ती सगळी गंमत आठवली. मी हसत हसत दुकानातलं सगळं सांगितलं, मटणवाला काय म्हणाला, बाबा काय म्हणाले, दुसरा कुत्रा, अशक्त आहे, लाल बघून दे. भाऊ हसला. मग मी बघितलं, की हसणारे आम्ही दोघंच होतो. आईचा घास हातातच राहिला होता.

"गर्दी होती," वडील ताटाकडे बघत म्हणाले. "त्यांना काय सांगत बसायचं."

आईने तो घास खाल्ला. नीट चावून, गिळून झाल्यावर तिने विचारलं, आवाज अजिबात न चढवता, "आन् दुसऱ्याचं नाव काय सांगितलंत?"

वडिलांनी तांब्या उचलला आणि पाणी न पिता खाली ठेवला. लग्न झाल्यापासून ते तिला 'अगं' आणि 'ऐकलं का' याखेरीज काही म्हणाले नव्हते. तिचं नाव त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नव्हतं, आणि घरात फक्त एका प्राण्याला ते दिवसातून शंभर वेळा नावाने हाक मारत होते. ती वाट बघत होती. शेवटी त्यांनी हाक मारली, ती कुत्र्याला. तो शेपूट हलवत दोन पाटांच्या मधे येऊन बसला, आणि आईने तिच्या ताटातला मोठा तुकडा त्याच्या नाकासमोरून उचलून आपल्या तोंडात घातला.